शहाण्णव तास

—नाही, पंख्याचं बटण चालूच आहे, वीज नाहीये. बसा ना तुम्ही. खुर्ची जरा डुगडुगते, पण पडत नाही, एवढ्या वर्षांत कोणी पडलेलं नाही. तर काय म्हणत होतात—निर्यात वाढली पाहिजे. वाढलीच पाहिजे हो मॅडम, मी कुठे नाही म्हणते? आणि त्यासाठी तुमच्या ऑफिसनं केंद्र काढलंय, तिथे कारखान्यातल्या लोकांना माल कसा तपासायचा ते शिकवायचं, परदेशातलं गिऱ्हाईक काय बघतं, कुठे नख लावतं, कशावरून माल परत पाठवतं—आणि ते मी शिकवायचं. मी! बघा बरं ह्या टेबलाकडे. हे काय आहे? ही खोकी दिसतात ना, छतापर्यंत? सगळी कुलपं. बाहेरून आलेली. आपल्याकडे बनलेलं एक नाही त्यात. शंभरातली तीन-चार उघडत नाहीत, ती मी शोधून बाजूला काढते. हे बघा—चावी जाते, फिरत नाही. हे टाकायचं. परत पाठवायचं? कोणाला पाठवणार, तो कुठे, आपण कुठे! टाकून द्यायचं. हे माझं काम. हे शिकवू का तुमच्या केंद्रात?

रागावू नका, मी तुमच्यावर चिडत नाहीये. माझा आवाजच तसा आहे, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या खडखडाटात बोलून बोलून असा झालाय. इथे, तुम्ही बसलात ना, बरोबर तिथून प्रेसची रांग सुरू व्हायची. हे आज गोदाम आहे, पण हा कारखाना होता मॅडम, कुलपांचा, आमच्या वडिलांनी काढलेला. तिकडे पत्रा कापायचा, इकडे पितळ ओतायचं, मागच्या शेडमध्ये प्लेटिंगच्या टाक्या—कुलपाची जी वरची कडी असते ना, ती पोलादाची, तिच्यावर निकलचा थर चढवायचा, नाहीतर दोन पावसात गंजते—आणि इथे खिडकीपाशी जोडणीच्या बाया, आणि सगळ्यांत शेवटी मी. हे टेबल. बासष्ट माणसं होती. मी बाविसाव्या वर्षी ह्या टेबलाशी बसले. वडील म्हणाले, हिची नजर बघ, हिला भाजीतला खडा शिजायच्या आधी दिसतो. लग्न जमत नव्हतं, तेही होतंच म्हणा, पण ते सोडा. वडील गेल्यावर कारखाना दादाकडे आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माल विकायचा त्यानं, अडवायचा मी, असं आमचं चाललेलं. तो म्हणायचा, बाहेरचे दुश्मन परवडले, घरातली तपासणी नको! पण हसून म्हणायचा. माझ्या टेबलावरून खराब कुलूप कधी बाहेर गेलं नाही. ते तुम्ही लिहून घ्या हवं तर.

मग दारं उघडली. आठवत असेल तुम्हाला, तुम्ही शाळेत असाल—टीव्हीवर भाषण झालं, आता देश जगासाठी खुला, आता आपला माल जगभर जाणार. दादानं त्या दिवशी अर्धा दिवस सुट्टी दिली सगळ्यांना! जोडणीच्या बाया घरी गेल्या तशा खुशीत, काय उघडलं आणि कशाला उघडलं कोणालाच माहीत नव्हतं, सुट्टी मिळाली ना. आणि सहा महिन्यांत बाजारात बाहेरचं कुलूप आलं. छान प्लास्टिकच्या पुठ्ठ्यात बसवलेलं, चकचकीत, आमच्यापेक्षा कितीतरी स्वस्त. दुकानदारांनी आमचं खालच्या फळीवर ठेवलं. मी ते विकत आणलं, ह्याच टेबलावर उघडलं—आत बघितलं तर लिव्हर, म्हणजे चावीनं उचलायच्या पट्ट्या, दोन, आमच्यात सहा. स्प्रिंग केसासारखी. म्हटलं दादा, हे वर्षभर टिकणार नाही. तो म्हणाला, ताई, वर्षानं लोक दुसरं घेतील. मला ताईच म्हणतो तो, मी धाकटी असून, सगळे म्हणतात म्हणून.

बरं, ते स्वस्त का? त्यांचे कारखाने मोठे, मान्य. पण अजून एक गंमत ऐका, तुम्ही त्याच खात्यातल्या ना, मग ऐकाच. तयार कुलूप बाहेरून आत आणायचं तर कर थोडा. आणि ते कुलूप इथे बनवायला जे पितळ लागतं ते आणायचं तर कर तिप्पट! आता सांगा, हे कोणी ठरवलं? कोणीतरी बसून, विचार करून ठरवलं असेल ना? दादा गेला होता तुमच्या त्या मोठ्या इमारतीत. तीनदा गेला. पहिल्यांदा सांगितलं अर्ज द्या, दुसऱ्यांदा सांगितलं अर्ज पोचला, तिसऱ्यांदा सांगितलं ते साहेब परदेशी गेलेत—गुंतवणूक आणायला. तो आला तेव्हा हसत होता. म्हणाला, ताई, आपल्या घराचं दार त्यांनी उघडलं ते बरं केलं, पण आपल्यालाच खिडकीतून ये-जा करायला सांगतायत.

तरी आम्ही हातपाय गाळले नाहीत. दादानं एक केलं, नमुने पाठवत बसला. बाहेरच्या पत्त्यांवर, रोज रात्री जेवण झालं की पत्रं लिहायचा. दीड वर्षानं तिकडच्या कंपनीचा एक माणूस आला. उंच, शांत, हातात एक छोटी पेटी. चार तास होता. बाकी कोणाशी फारसा बोलला नाही, ह्या टेबलापाशी येऊन बसला. तुमच्याच जागी. मी नाकारलेल्या मालाचा डबा त्यानं उपडा केला आणि एकेक कुलूप घेऊन मला खुणेनं विचारत गेला, हे का? हे का? मी दाखवत गेले. शेवटी दादाला म्हणाला, तुमच्याकडे यंत्रं जुनी आहेत पण हे टेबल चांगलं आहे. हे टेबल चांगलं आहे! दादानं मला संध्याकाळी सांगितलं तेव्हा मी उगाच पाणी प्यायला मागे गेले.

चाळीस हजार कुलपं. वीस लॉट, एका लॉटमध्ये दोन हजार. मुदत चार महिने. आणि एक अट—कडीवरचा निकल शहाण्णव तास टिकला पाहिजे. म्हणजे काय, तर एक काचेची पेटी असते, तिच्यात मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं, प्रत्येक लॉटमधल्या वीस कड्या आत टांगायच्या, आणि चार दिवस, चार रात्री बघायचं. गंजाचा ठिपका दिसता कामा नये. आमच्या इथल्या मालाला आम्ही चोवीस तास लावायचो, तेही मनात आलं तर. शहाण्णव म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी प्लेटिंगच्या मामांकडे.

मामा म्हणजे प्लेटिंगचा मुख्य माणूस. सगळेच त्यांना मामा म्हणायचे, दादासुद्धा. वडिलांच्या वेळचे. सदा कोपरापर्यंत रबरी हातमोजे, आणि बोलणं म्हणाल तर दिवसाला चार वाक्यं, त्यातलं एक शिंकेबद्दल. टाकीतल्या वासावरून सांगायचे, आज थर दाट बसणार की पातळ. त्यांनी महिनाभर टाक्या उपसल्या, पाणी बदललं, काय काय केलं, आणि पहिला नमुना पेटीत शहाण्णव तास राहिला, मग एकशे दहा तास राहिला. मी पेटी उघडली तेव्हा ते दारात उभे होते. मी कडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा फिरवला, म्हणाले, ताई, बसलं. बस, एवढंच. त्या दिवशीचं त्यांचं ते एक वाक्य.

पंधरा लॉट झाले मॅडम. पंधरा! देखणे. एकेक कडी अशी की केस विंचरून घ्यावेत तिच्यात बघून. जोडणीच्या बायांनी खिडकीला नवे पडदे लावले, कोणी सांगितलं नव्हतं. मग वीज जायला लागली. म्हणजे जायचीच आधीही, पण आता वेळापत्रक काढलं तुमच्या लोकांनी, दिवसात तीनदा, आणि वेळापत्रकही पाळायचे नाहीत. कारण काय, तर शहराबाहेर नवी वसाहत झाली बाहेरच्या कंपन्यांची, त्यांना अखंड वीज द्यायचा करार. करार त्यांच्याशी, अंधार आमच्याकडे! प्रेस थांबली तर थांबली, वीज आली की पुन्हा सुरू. पण प्लेटिंगचं तसं नसतं ना. कड्या टाकीत बुडालेल्या असतात, निकल चढत असतो, आणि मध्येच वीज गेली की अर्धा थर मरतो. वीज आल्यावर वर दुसरा थर चढतो, पण तो खालच्याला धरत नाही. दिसायला एकदम छान. नखानं खरवडा, पापुद्रा सुटतो, उन्हानं सोललेल्या पाठीसारखा. जनरेटर होता, पण तो प्रेसपुरता, टाक्यांना पुरायचा नाही. मोठा घ्यायचा तर बँक म्हणाली कागद आणा, कागद आणले तर म्हणाली दोन महिने थांबा. आणि माझी ती पेटी, तीही विजेवर चालायची. वीज गेली की धुकं बंद. म्हणजे आपल्याकडे गंज चढायलासुद्धा वीज लागते मॅडम! हसा, हसा. आम्हीही हसायचो.

त्यात बंदर. पहिल्या खेपेला, ते पंधरा लॉट गेले तेव्हा, माल अकरा दिवस बंदरावर पडून होता, एका सहीसाठी. म्हणून ह्या वेळी दादानं ठरवलं, माल आधी पोचवायचा. जहाज शुक्रवारी, म्हणजे इथून मंगळवारी सकाळी निघायलाच हवा. आणि शेवटचे पाच लॉट माझ्या टेबलावर आले रविवारी. आता हिशोब करा. शहाण्णव तास म्हणजे चार दिवस. रविवार ते मंगळवार चार दिवस होतात? कुठल्या देशात होतात? तरी मी कड्या टांगल्या. आणि मामा आले. मोजे काढलेले, म्हणून मी चमकले, कारण त्यांचे हात मी फार कमी वेळा बघितले होते. पांढरेफटक, सुरकुतलेले. त्यांनी एक कडी टेबलावर ठेवली, नखानं ओढली. पापुद्रा. म्हणाले, ताई, हे पाच मागे ठेवा. मी थर उतरवतो, पुन्हा चढवतो. आठ दिवस द्या मला. तीन वाक्यं एका दमात बोलले ते, म्हणजे बघा. मी म्हटलं, दादाला विचारते. दादा दारातच होता. त्यानं ऐकलं सगळं. आता तुम्हाला वाटेल तो ओरडला, म्हणाला पास कर म्हणून. नाही. दादा तसा माणूस नाही. त्यानं त्या कडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, जहाज शुक्रवारी सुटतं. आणि गेला. मागे खिडकीशी बाया जोडणी करत होत्या, त्यांना सगळं ऐकू जात होतं. एकीची मुलगी कॉलेजात, एकीचा नवरा अंथरुणावर, मला काय सगळ्यांची घरं माहीत. उशीर झाला की ऑर्डर रद्द, कागदावर तसंच लिहिलेलं. तुम्ही असतात तर काय केलं असतंत? नाही, सांगा ना. वीज तुमच्या हातात नाही, बंदर तुमच्या हातात नाही, पितळाचा कर नाही, बँक नाही, जहाज तर नाहीच नाही. हातात काय, तर एक रबरी शिक्का. सगळ्या देशात जे जे मोडलंय ते गोळा होऊन माझ्या टेबलावर येणार, आणि मी शिक्का मारायचा की नाही ते मी ठरवायचं! मी सोमवारी दुपारी पेटी उघडली. सव्वीस तास झाले होते. त्यातले सात तास वीज नव्हती. दोन कड्यांवर ठिपके होते, चार कड्यांवर—असू दे. मी वहीत लिहिलं—

लिहू नका. हे लिहू नका हो. पेन खाली ठेवा तुम्ही.

शहाण्णव लिहिलं. पाचही लॉटसमोर. अक्षर छान आलं, हेही आठवतं मला, एरवी माझं अक्षर वाकडं येतं.

मंगळवारी ट्रक गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाच महिन्यांनी पाकीट आलं, आत फोटो, आमच्या कड्या जवळून काढलेल्या, पापुद्रे सुटलेल्या. वीसच्या वीस लॉट नाकारले. पंधरा चांगले होते तेही. त्यांना कसं कळणार कुठला चांगला नि कुठला वाईट, शिक्का तर सगळ्यांवर एकच! आणि नुसते आम्ही नाही, त्या माणसाची आणखी दोन कारखान्यांशी बोलणी चालली होती आपल्याकडे, तीही त्यानं थांबवली. ते लोक आम्हाला ओळखतही नव्हते, त्यांचं काय चुकलं? मग चौकशी. दादा ह्या टेबलापाशी आला, सगळ्यांसमोर मला विचारलं, तपासणीत पास होते ना? मी म्हटलं, होते. बरं, तपासणीत पास होते, मग माल खराब कसा? तर कोणीतरी म्हणालं—कोण ते आता आठवत नाही, खरंच नाही आठवत—की प्लेटिंगमधून तपासायला चांगल्या कड्या दिल्या असतील आणि बाकी माल कच्चा दिला असेल. झालं. मामांना काढलं. दादानं पत्रात कळवलं बाहेर, दोषी कामगाराला काढलंय. मामा इथे आले, उभे राहिले. मला वाटलं आता बोलतील. मी तयार होते, खरं सांगते, त्यांनी एक शब्द काढला असता तर मी सगळं सांगितलं असतं. त्यांनी हातमोजे टेबलावर ठेवले, नीट, एकावर एक, आणि गेले. एकतीस वर्षं काम केलं होतं. मी म्हणते, बोलायचं ना! माणसानं बोलायला नको? आपली बाजू आपण नाही मांडायची तर कोणी मांडायची? मी? मी कशी—

वर्षभरात कारखाना बंद झाला. यंत्रं भंगारात गेली. दादानं मग तेच केलं जे सगळे करत होते, बाहेरचा माल आणून विकायला लागला. ह्यात वीज लागत नाही, पितळ लागत नाही, मामा लागत नाहीत. मी लागते, मला ठेवलं, भाऊ आहे ना. धंदा बरा चाललाय, आधीपेक्षा बरा. पेपरात तुमचे आकडे येतात, वाढ इतकी झाली, तितकी झाली, दादा वाचून दाखवतो. खरेही असतील. आमच्या त्या बायांपैकी एक मला परवा दिसली, त्या नव्या वसाहतीत फरशी पुसते. म्हणाली, ताई, तिकडे वीज कधी जात नाही. असं सांगत होती, जणू मला बरं वाटावं म्हणून.

म्हणून म्हणते, तुमच्या केंद्रात मला नेऊन काय करणार? पोरांना काय सांगू, की शहाण्णव म्हणजे शहाण्णव? त्यातला एखादा विचारेल, बाई, तुमच्याकडून कधी चुकलं का? मग? तुम्हाला दुसरं कोणी मिळेल. आणि मुळात माझं नाव तुम्हाला दिलं कोणी? दादानं तर नाही दिलं, त्याला माणूस कमी पडेल इथे. दुकानदारांनी? मग?

कोण?

प्लेटिंगचे—ते तुमच्याकडे आहेत? कधीपासून? शिकवतात? मामा शिकवतात! बोलतात वर्गात? बरंच बोलतात... हो का. आणि त्यांनी माझं नाव—नाही, नाही, तुम्ही नीट सांगा, काय म्हणाले ते. त्यांच्या शब्दांत सांगा. ‘नजर ताईंची.’ आणि पुढे? पुढे काही नाही? आठवून बघा जरा. शिक्का, पेटी, असलं काही?

अहो, त्यांना माहीत आहे. कोणाला नसेल पण त्यांना माहीत आहे. सोमवारी दुपारी मी पेटी उघडली तेव्हा ते तिथे, त्या खांबापाशी उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं, मी लिहिलं तेही बघितलं. आणि माहीत असून तुमच्यासारख्यांना इथे पाठवतात? माझं नाव घेऊन? हे काही चांगलं केलं नाही त्यांनी. दोन शिव्या दिल्या असत्या, चारचौघांत तोंड वाजवलं असतं, तर मी काय ते ऐकून घेतलं असतं. हे काय! हे कसलं वागणं?

नाही, पाणी नको मला. मी ठीक आहे.

तुम्ही निघा आता. तो फॉर्म—घेऊन जा. नाहीतर ठेवा, टेबलावर ठेवा, पण मी भरीन असं म्हटलेलं नाही, तसं त्यांना सांगू नका. काहीच सांगू नका. मी जे बोलले ते तर अजिबात नाही. दादा येईल एवढ्यात, ट्रक यायचाय.

ऐका. मामा कुठल्या वारी असतात तिकडे?

बुधवारी.

काही नाही. सहज विचारलं. निघा म्हटलं ना मी.